होस्टेलचे फायर सिलिंडर, रिफिलिंगवाले काका आणि आमची फजिती (पाचपैकी चार स्टार)

रिव्ह्यू लांबलाय, आधीच सांगते. ज्यांना नुसते रेट पाहिजेत त्यांनी खाली सरका, शेवटाकडं लिहिलेत. पण ज्यांच्या गळ्यात होस्टेल, मेस, लॅब, क्लास असलं काही सांभाळायचं काम पडलंय त्यांनी बसून वाचा, कारण यातलं निम्मं मी तोंड काळं झाल्यावर शिकले. म्हणजे खरंच काळं झालं होतं, धुरानं.

मी सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एका कॅम्पसवर मुलींच्या होस्टेलची रेक्टर आहे. तळमजला धरून चार मजले, पावणेदोनशे पोरी, खाली मेस, बाजूलाच केमिस्ट्रीची लॅब आणि कॉम्प्युटर सेंटर. कॅम्पसचं नाव लिहीत नाही, नोकरी आहे. दुकानाचं पण लिहीत नाही कारण काकांनीच सांगितलं, मॅडम जाहिरात नको, आहेत ती कामं उरकंनात. दुकान मार्केट यार्डाच्या बाजूला आहे, एवढ्यावर भागवा.

आधी फजिती सांगते मग दुकान.

फेब्रुवारीत एका सकाळी सहा-सव्वासहाला दुसऱ्या मजल्यावर लाईट गेली. एका पोरीनं बादलीत रॉड लावलेला, (रॉड लावायला बंदी आहे, बोर्डावर लिहिलंय, सगळ्याजणी लावतात) लाईट गेली म्हणून तिनं रॉड काढून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टॉवेलवर ठेवला, बटण काही बंद केलं नाही आणि कोमट तर कोमट म्हणून तेवढंच पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन अंघोळीला गेली. दहा मिनिटांनी लाईट आली. पुढचं सांगायला नको. टॉवेल पेटला, खुर्ची पेटली, गादीचा कोपरा धरला. आग म्हणाल तर एवढीशी, चुलीएवढी, पण प्लॅस्टिकचा धूर बघितलाय का कधी? पॅसेजमध्ये दोन मिनिटांत हाताचं बोट दिसंना. आणि लोक म्हणतात आगीत जळून मरतात, अहो जळायच्या आधी धुरानंच काम होतं, तेव्हा वर मान करून पळायचं नाही, खाली वाकून, गुडघ्यावर रांगत जायचं, खाली थोडी तरी हवा असते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी उभी राहून ओरडत होते.

शेजारच्या खोलीतली एक पोरगी हुशार, तिनं भिंतीवरचा लाल सिलिंडर काढला. पिन गंजलेली, दोन-तीन हिसक्यांनी निघाली. दांडा दाबला तर नुसतं फुस्स. चमचाभर पावडर पडली असेल, पुढं काहीच नाही. दुसरीनं काच फोडून अलार्मचं बटण दाबलं, तेही मुकं, नंतर कळलं परीक्षेच्या वेळी कुणीतरी खोडसाळपणे वाजवला म्हणून ऑफिसनंच हूटरची वायर काढून ठेवलेली आणि परत जोडायची राहिली, कधीपासून ते विचारू नका. शेवटी वॉचमन मामांनी खाली जाऊन मेन पाडला, वर पळत आले आणि जिथनं रॉड काढला होता त्याच बादलीतलं उरलेलं पाणी ओतून विझवली. मेन आधी पाडला हे महत्त्वाचं, नाहीतर करंट चालू असताना पाणी ओतलं असतं तर मामाच गेले असते.

दुपारी तो सिलिंडर उलटा करून बघितला. गळ्यात टॅग होता, तीन आठवड्यांपूर्वीची तारीख, 'चेक्ड ओके', खाली सही. आणि दाबायच्या आधी गेजचा काटा हिरव्यात होता म्हणे! मला तर रडूच आलं. आमच्याकडं जी एजन्सी होती तिचा माणूस वर्षातून दोनदा यायचा, एका हातात स्टिकरचा रोल, दुसऱ्या हातात मोबाईल. ३८ सिलिंडर वीस मिनिटांत. आता तुम्हीच भागाकार करा. मी चहा द्यायचे त्याला, तो वेळ धरून वीस मिनिटं.

तर मग शोधाशोध. माझा दीर कुपवाड एमआयडीसीत आहे, तो म्हणाला वहिनी आमच्या कंपनीत एक म्हातारा येतो, कटकट्या आहे पण काम खरं करतो. कटकट्या म्हणाला तिथंच मला पटलं.

काका आले ते जुन्या एमएटी गाडीवर, मागं एक पोरगा, पोराच्या मांडीवर ताणकाटा. तोच, बाजारात पोतं लटकवून वजन करतात तो. मी म्हटलं काका कोटेशन आणलंय का? तर म्हणे आधी बघू तरी द्या, पेशंट न बघता औषध कसं लिहू. आणि पहिल्याच सिलिंडरला त्यांनी काय केलं, भिंतीवरनं काढला, उलटा केला, माझ्या कानाला लावला. "मॅडम, ऐका." काहीच ऐकू येईना. मग त्यांनी गाडीवरचा स्वतःचा एक सिलिंडर आणला, तो उलटा केला, आत सर्रकन काहीतरी सरकलं, सुपातनं बारीक रवा सरकावा तसं. "ही जिवंत पावडर. तुमची बसलीय."

तेव्हा कळलं भानगड काय ती. ह्या एबीसी (म्हणजे लाकूड-कागद, तेल, गॅस असल्या तिन्ही आगींना चालणाऱ्या) सिलिंडरमध्ये मोनोअमोनियम फॉस्फेटची पावडर असते, पिवळट, मैद्यासारखी, आणि तिला ढकलायला वर नायट्रोजनचं प्रेशर. पावडरीला ओल लागली की पावसाळ्यात मिठाची बरणी होते तशी गत, खाली ढेकूळ. प्रेशर शाबूत असतं म्हणून काटा हिरव्यातच दिसतो पण दांडा दाबला की वरचा गॅस निघून जातो, पावडर बुडाशी तशीच. म्हणजे काटा हिरवा म्हणजे सगळं ओके हे मी इतकी वर्षं समजत होते ते अर्धवटच. काटा लाल असला तर बाद हे खरं, पण हिरवा असला तरी महिन्यातून एकदा उलटा-सुलटा करून हलवायचा. ३८ पैकी ११ बसलेले निघाले आमचे. तिघांचा काटाच मेलेला. एकाची नळी उंदरानं खाल्लेली. आणि पहिल्या मजल्यावरच्या दोघांच्या पिना बारीक तारेनं घट्ट पिळून बांधलेल्या, का तर पोरी खेळतात म्हणून. कुणी बांधल्या ते मला माहितेय, तो माणूस हे वाचत असला तर चहा प्यायला ये, बोलू.

कॉम्प्युटर सेंटरमधले सीओटूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचे, बाटले वेगळे. त्यांना गेजच नसतो, मला वाटायचं चोरीला गेलाय. त्याचं वजनच करायचं. बाटल्याच्या मानेवर रिकामा किती किलो ते ठोकलेलं असतं, त्यात आतला गॅस मिळवायचा आणि काट्याला लटकवायचा, गॅस दहा टक्क्यांच्या वर कमी भरला की रिफिल. आमच्या साडेचार किलोवाल्यात अडीच किलो निघाला. बाकीचा कुठं गेला देव जाणे, हळूहळू व्हॉल्व्हमधनं गळतो म्हणे. काकांनी प्रत्येक वजन माझ्यासमोर वहीत लिहिलं आणि माझी सही घेतली. सही माझी, बरं का! आधीच्या एजन्सीत सही त्यांची असायची, मी फक्त चहा.

अजून एक, कॉम्प्युटरला सीओटूच का, तर पावडरीनं आग विझते पण नंतर मशीनचं वाटोळं होतं, पावडर गंज पकडवते. सीओटू विझवून निघून जातो, मागं काही राहत नाही. फक्त त्याचा तो काळा भोंगा हातानं धरायचा नाही, आतनं येणारा गॅस उणे ७८ अंशाला जातो, कातडी सोलून निघते. आणि बारक्या बंद खोलीत मारून तिथंच उभं राहायचं नाही, आगीला मिळत नाही तशी आपल्यालाही हवा मिळत नाही.

केमिस्ट्री लॅबमध्ये गेलो तर तिथं त्या लाल वाळूच्या बादल्या टांगलेल्या. त्यांची बुडं गोल का असतात माहितेय? जमिनीवर ठेवता येऊ नये म्हणून, ठेवता आली की कुणीतरी पोछा मारायला नेणारच. आमच्या बादल्या नेल्या नव्हत्या कुणी, पण वाळूत सापडलं ते असं: बसची तिकिटं, च्युइंगम, एक फुटका बीकर आणि मावा थुंकलेला. लॅब असिस्टंट म्हणतो मी नाही. सोडियमचा तुकडा पेटला तर पाणी घालायचं नाही, पाण्यानं उलट भडकतं, ती कोरडी वाळूच लागते, आणि आमच्याकडं वाळूच्या नावाखाली हे. काकांनी बादली हलवली, बघितलं, काही बोलले नाहीत, वहीत लिहिलं, 'वाळू बदला'. त्यांच्या न बोलण्याचीच जास्त लाज वाटली.

आता खरी गोष्ट. मागचा जिना.

होस्टेलला दोन जिने आहेत, मागच्याला तळमजल्यावर जाळीचा सरकता दरवाजा आणि त्याला कुलूप. कुलूप चोवीस तास. किल्ली मामांकडं, मामा पुढच्या गेटवर. काका म्हणाले मॅडम हे माझ्या बिलात बसत नाही पण एक करू, फोन करा मामांना, किल्ली घेऊन बोलवा, मी घड्याळ लावतो. मी फोन केला. मामांनी उचलला दुसऱ्यांदा, मग किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले, अठरा किल्ल्या, त्यातली सातवी लागली, कुलूप गंजलेलं, तेल नाही. चार मिनिटं चाळीस सेकंद. आणि हे दिवसाउजेडी, धूर नसताना, कुणी किंचाळत नसताना. काका फक्त एवढंच म्हणाले, "फेब्रुवारीत पुढच्या जिन्याकडं लागली असती तर?" त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

कुलूप का, तर मुलींची सेफ्टी. पालक विचारतात, मॅनेजमेंट विचारतं, रात्री मागनं कोण आलं तर? बरोबर आहे, मी पण आईच आहे. पण २४ मे २०१९ ला सुरतला तक्षशिला आर्केडमध्ये क्लासची पोरं वरनं उड्या मारताना आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितलीयत, २२ जण गेले त्यात. कुंभकोणमला २००४ च्या जुलैमध्ये शाळेत ९४ लेकरं. कुठल्याही जागी रस्ता मोकळा आहे का हाच पहिला प्रश्न असतो, सिलिंडर नंतर. मी हे मीटिंगमध्ये बोलले, एक साहेब म्हणाले मॅडम तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता. असू दे. काकांनी सुचवलं ते पॅनिक बार, म्हणजे दाराला आतनं आडवी दांडी, आतनं ढकललं की उघडतं, बाहेरनं उघडत नाही, आणि उघडलं की भोंगा वाजतो म्हणजे कुणी पोरगी गुपचूप सटकणार असली तरी कळतं. दोन्ही पक्ष खूश. कोटेशन मॅनेजमेंटच्या टेबलावर आहे, टेबल मोठं आहे.

एप्रिलमध्ये डेमो झाला. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो, त्या आठवड्यात काका ज्यांची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) आहे त्यांना डेमो फुकट देतात. (परीक्षा तोंडावर, पोरींनी केवढी कुरकुर केली.) सुरुवातीला त्यांनी १४ एप्रिल का ते सांगितलं, १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं, पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्रच, कापूस धुमसला, बंबवाले विझवायला चढले आणि जहाजच उडालं, ६६ जवान गेले. काका कुठल्याशा कारखान्यात फायरमन होते आधी, सांगताना आवाज बारीक झाला त्यांचा, मग लगेच "चला, कोण येतंय पुढं?"

कोणी येईना. पोरी मोबाईल धरून शूटिंगला तयार. तर काकांनी सगळ्यात मागं उभ्या मेसच्या मावशींना बोलवलं. मावशी पदर तोंडाला, "न्हाई बाबा, मला न्हाई जमायचं, उडंल ते." मैदानात पत्र्याचं अर्धं कापलेलं पिंप, तळाला पाणी, वर डिझेल आणि थोडं पेट्रोल, काकांनी लांबनं बोळा टाकला आणि भक्क करून पुरुषभर ज्वाळा. मावशी दोन पावलं मागं. काका शेजारी उभे राहिले, ओरडले नाहीत, घाई नाही. वारं पाठीवर घ्या. पिन ओढा. नळी आगीच्या बुडाशी, वर ज्वाळेवर नाही, बुडाशी. आता दाबा आणि झाडू मारल्यागत डावीकडनं उजवीकडं. मावशींनी झाडू मारल्यागत म्हटल्यावर बरोबर मारलं, आयुष्यभर मारतायत, तीन फेऱ्यांत आग गायब. नुसता पांढरा ढग आणि ढगातनं मावशी बाहेर आल्या, केसांवर पावडर, म्हणतात, "एवढंच व्हय?" टाळ्या शिट्ट्या काय विचारू नका. त्यानंतर पोरींची लाईन लागली.

माझीही पाळी आली. सांगू का, इतकी वर्षं रोज त्या सिलिंडरांसमोरनं जाते, हातात पहिल्यांदा घेतला. सहा किलोचा म्हणतात ती नुसती पावडर, अख्खा उचलला की नऊ-साडेनऊ किलो भरतो, आणि भिंतीवर आमच्याकडं इतका वर टांगलेला की पाच फुटाच्या आतल्या पोरीला काढताच येणार नाही, ते नंतर सगळे खाली घेतले. मी मोबाईलवर लावलं, दाबल्यापासून संपेपर्यंत चौदा सेकंद. मला वाटायचं पाच-दहा मिनिटं चालत असेल. चौदा सेकंदांत लांबनं मारत बसलात किंवा घाबरून ज्वाळेवर मारलात तर संपला विषय. म्हणून काकांचा नियम असा की एका सिलिंडरात विझली नाही तर दुसरा शोधत बसायचं नाही, दार ओढून घ्यायचं, बाहेर पडायचं आणि १०१ लावायचा, लागला नाही तर ११२. आणि विझली तरी पाठ फिरवायची नाही, तोंड आगीकडं ठेवून मागं मागं यायचं, डिझेल परत पेट घेतं, एकीच्या वेळी घेतलंच.

मग मेसवाल्यांसाठी कढईचा प्रयोग. लोखंडी कढईत तेल पेटेपर्यंत तापवलं आणि लांब काठीला बांधलेल्या वाटीतनं फक्त वाटीभर पाणी ओतलं. बाप रे. घरी करू नका हे, सांगून ठेवते, करायचं नाही म्हणजे नाही. आगीचा लोळ आंब्याच्या फांदीपर्यंत गेला, पानं करपली. पाणी जड, ते तेलाच्या खाली जातं आणि तिथं एका क्षणात वाफ होते, पाण्याच्या सतराशेपट जागा लागते वाफेला, ती जळतं तेल घेऊनच वर उडते. मग तसलीच पेटलेली दुसरी कढई, गॅस बंद, वरनं झाकण सरकवलं, बस्स, झालं. आमचा आचारी वीस वर्षं भजी तळतोय, तोंड उघडं ठेवून बघत होता. त्याला मी आधी विचारलेलं, कढई पेटली तर काय करशील, "पाणी मारणार की मॅडम!" आता कढईशेजारी मोठी झाकणं टांगलीयत, खिळा मीच ठोकून घेतला. गॅस लीकचं पण सांगितलं, एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीवर पसरतो, वास आला की बटण चालू पण नाही आणि बंद पण नाही, खिडक्या उघडा, १९०६ लावा.

डेमोनंतर काकांनी एक प्रश्न विचारला पोरींना, आयर्विन पुलाला कृष्णेची इशारा पातळी किती फूट? शंभर तोंडं एकदम, "चाळीस!" धोका? "पंचेचाळीस!" २०१९ च्या पुरानंतर सांगलीतल्या शेंबड्या पोराला पण हे पाठ आहे. मग विचारलं तुमच्या खोलीपासून सगळ्यात जवळचा सिलिंडर कुठं? गप्प. एकीनं छातीठोकपणे सांगितलं ते पाण्याचा कूलर होता. नियमानं कुठंही उभं राहिलं तरी १५ मीटरच्या आत एक सिलिंडर पाहिजे, आमच्याकडं होते पण, बघतं कोण. पुराचं आपल्याला कळतं कारण पाणी कोयना धरणातनं निघाल्याचं आधीच पेपरात येतं. आगीचं काही येत नाही पेपरात आधी.

जूनमध्ये नवीन बॅच आल्यावर ड्रिल घेतली, हे काकांच्या पॅकेजमध्ये होतं. पहिल्या वेळेला अकरा मिनिटं लागली सगळ्या खाली यायला. एकजण हेडफोन लावून अंघोळ करत होती. एक लिफ्टमध्ये गेली, तिला परत पाठवली, आगीत लिफ्ट अजिबात नाही. तिघी लॅपटॉप घेऊन, एक मांजर घेऊन (होस्टेलमध्ये मांजर आहे हे मला तेव्हा कळलं) आणि एक महामाया चक्क इंडक्शन शेगडी कडेवर घेऊन खाली उतरली, अगं जी लपवायची तीच! जप्त केली. जमायची जागा सायकल स्टँडजवळचा कडुलिंब ठरलाय, तिथं मजल्याप्रमाणं लाईन आणि हजेरी. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सेफ' टाकलं की झालं असं आधी आमचं ठरलेलं, काका म्हणाले जी आत बेशुद्ध आहे ती टाईप करणार का? आता प्रत्येक मजल्याची एक कॅप्टन, तिच्याकडं कागदी यादी. दुसऱ्या ड्रिलला सव्वापाच मिनिटं. त्यात मागचा जिना उघडा ठेवला होता हे सांगायला पाहिजे.

आता दुकानाच्या तक्रारी, कारण एक स्टार कापलाय तो उगाच नाही.

अलार्म आणि स्मोक डिटेक्टर काका स्वतः करत नाहीत, दुसऱ्याला देतात आणि तो दुसरा म्हणजे सगळा आनंदीआनंदच. तीन फेऱ्या मारल्यावर हूटर वाजला. तिसऱ्या फेरीला कळलं की तिसऱ्या मजल्यावरच्या नऊ डिटेक्टरवर बसवल्या दिवसापासनं प्लॅस्टिकची टोपी तशीच आहे, ती धूळ जाऊ नये म्हणून बांधकामाच्या वेळी असते ती, नंतर काढायची असते. धूळ गेली नाही, धूर पण जाणार नव्हता. हे आमच्यातल्या कुणालाच दिसलं नव्हतं, मला पण नाही, त्यामुळं सगळा राग त्या अलार्मवाल्या पोरावर काढत नाही. तरी त्यानं पहिल्या फेरीतच बघायला पाहिजे होतं.

सीओटूचे दोन बाटले प्रेशर टेस्टिंगला पाठवले, (ते दर पाच वर्षांनी करावं लागतं, पावडरवाल्यांचं तीन वर्षांनी, पाण्याचं प्रेशर भरून बाटला फुगतो-फुटतो का बघतात) ते एकोणीस दिवसांनी आले. तोवर कॉम्प्युटर सेंटर उघड्यावर. बदली बाटला द्या म्हणून मी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा आवाज चढवला तेव्हा आला. आधीच ठरवून घ्या, नेताना बदली ठेवूनच न्यायचा. फोन एक ते चार उचलत नाहीत, झोपतात, सांगूनच ठेवलंय त्यांनी. आणि त्यांच्या पोरानं पॅसेजमध्ये पावडर सांडली, आमच्या सफाईवाल्या ताईंनी पाणी मारलं आणि जो काही चिकट राडा झाला तो दोन दिवस निघाला नाही, कोरड्या झाडूनंच गोळा करायची असते, हे कुणीतरी आधी सांगा की राव.

हायड्रंटची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याची, लाईन पण काकांनी बघितली. दोन पेट्यांतनं पितळी नोझल गायब, भंगारात गेली असणार, आणि पाईप माळीकाका गुलाबाला पाणी घालायला वापरत होते. हे काकांच्या नावावर टाकत नाही, आमचंच आहे.

रेट: सहा किलो एबीसीची रिफिल आम्हाला साडेसातशे पडली, वर १८ टक्के जीएसटी. आधीचा सव्वातीनशे घ्यायचा. मॅनेजमेंट म्हणालं डबलच्या वर का, मी एक बसलेला सिलिंडर मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला आणि दाबून दाखवला. फुस्स. सही झाली. नवीन घ्यायचा झाला तर आयएसआय मार्क बघूनच घ्या. ते फेकायचे फायर बॉल ऑनलाईन दिसतात ते मी काकांना विचारले, तर म्हणाले मी ठेवत नाही, पेटलेल्या खोलीत पोरगी नेम कुठं धरणार?

कागदाचं एक सांगते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्यात यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा जो जागा वापरतो त्याची आहे, एजन्सीची नाही. आणि लायसन्सवाल्या एजन्सीकडनं दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचा. तर एजन्सी ठरवताना लायसन्स मागा, त्यावरची मुदत बघा. आमच्या फाईलमध्ये जुन्या एजन्सीचे सगळे फॉर्म बी होते, एकही चुकला नव्हता, फेब्रुवारीतला सिलिंडर त्यातल्या शेवटच्या यादीत बाविसाव्या नंबरला आहे.

काकांचा फॉर्म बी जुलैत आला, तो देताना त्यांनी एक रकाना रिकामा ठेवला. मागचा जिना. म्हणाले दार होईल तेव्हा लिहीन, खोटं लिहून मला रात्री झोप येत नाही, दुपारची तर अजिबात नाही. ऑफिसनं मला ऐकवलं, तुमचा माणूस ॲडजस्ट करत नाही म्हणून. सध्या किल्ली काचेच्या डबीत दाराशेजारीच टांगलीय, डबीला छोटी हातोडी, कुलपाला तेल, दर सोमवारी मी स्वतः उघडून बघते. आणि महिन्याच्या एक तारखेला मेसच्या मावशी स्वतःहून खालचे सहा सिलिंडर काढतात, उलटे करतात, कानाला लावतात. मागच्या महिन्यात एक मला आणून दाखवला, "मॅडम, ह्यो जरा गप्प वाटतुया." काकांना बोलवलं, खरंच बसायला लागलेला, बदलून दिला, पैसे घेतले नाहीत.

जानेवारीत परत येणार आहेत. पॅनिक बार लागला तर इथंच अपडेट टाकते.